बाबांसाठी म्युझिक प्लेयर घ्यायचाय? आधी त्यांची बोटं बघा आणि त्यांच्या कॅसेटी बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर इथेच कळेल. बाबा ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, घर गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे, मोबाईलची रेंज येते जाते, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. घरात ऐंशीएक कॅसेटी आहेत, काही एमपीथ्रीच्या सीड्या आहेत. बजेट दहा हजार. दुकानदार म्हणतो हाय-रेझ वाला घ्या, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या आकड्यांचा, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ, बॅलन्स्ड आउटपुटवाला, तुमचा भाऊ म्हणतो जुना फोन पडलाय तोच द्या, आणि तुम्हाला कळत नाहीये कुणाचं ऐकायचं.

मी फोंड्यात राहतो, २६ वर्षं साउंडचं काम करतोय. देवळांतली उत्सवी नाटकं, भजनं, चवथीच्या घुमट आरत्या (घुमट म्हणजे मातीच्या भांड्याचं वाद्य), जिथे बोलावतील तिथे माइक लावायला जातो, आणि बाकीच्या दिवसांत दुकानात बसून टेपरेकॉर्डर, अँप्लिफायर, प्लेयर दुरुस्त करतो. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन माणसं येतात तेव्हा ती प्लेयरचं मॉडेल विचारतात आणि मी त्यांना कॅसेटींबद्दल विचारतो. कारण दहा हजारांत सगळ्यात जास्त फरक कशाने पडेल तर कॅसेटी नीट उतरवून घेण्याने, मग इयरफोनने, आणि प्लेयर त्यानंतर येतो. आणि प्लेयर निवडताना आवाजाच्या आधी बाबांची बोटं आणि डोळे बघायचे.

भावाचं म्हणणं आधी घेऊ कारण तो अगदीच चुकीचा नाहीये. आजच्या साध्या फोनमधलं सर्किटसुद्धा चांगलं वाजतं, आणि फोनला इयरफोनचं भोक नसेल तर यूएसबी-सी ला लावायची छोटी डॅकची वायर मिळते (डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप), ती लावून ऐकलं तर महागड्या प्लेयरमध्ये आणि त्यात डोळे मिटून फरक सांगणं बहुतेकांना जमणार नाही, मलाही प्रत्येक वेळी जमेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बाबा संध्याकाळी दिवा लावून अभंग ऐकायला बसलेत आणि मधेच अपडेटची खिडकी येते, ॲप नेट मागतं, बोट चुकून भलतीकडे लागतं आणि समोर काहीतरी वेगळंच उघडतं, मग ते चष्मा शोधतात, मग तुम्हाला पणजीला फोन करतात. असं चार वेळा झालं की माणूस ऐकणंच सोडतो, मी स्वतः बघितलंय. वेगळा प्लेयर घ्यायचं खरं कारण हे आहे. त्याला एकच काम येतं आणि ते काम करताना तो दुसरं काही मागत नाही.

बाजारात अशी वस्तू शोधणं आता कठीण का झालंय तेही सांगतो. १९९८ मध्ये पहिले एमपीथ्री प्लेयर आले तेव्हा त्यांत ३२ एमबी जागा असायची, म्हणजे एका कॅसेटची एक बाजू जेमतेम. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने ५ जीबीचा आयपॉड आणला आणि पुढची दहाएक वर्षं खिशातला प्लेयर म्हणजे मोठा धंदा होता, माझ्या दुकानातसुद्धा आठवड्याला चार-पाच यायचे दुरुस्तीला. मग फोनने तो धंदा खाल्ला आणि मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आता दोन टोकं उरलीत. एका टोकाला हजार-दोन हजाराचे बिननावाचे प्लेयर, दुसऱ्या टोकाला हौशी लोकांसाठीचे वीस-तीस हजारापासून लाखाच्या वरचे. मधली जागा पातळ आहे, आणि तुम्हाला नेमकं मधलंच हवंय.

आता बोटांचं. बाबांना बटणांचाच प्लेयर घ्या, टचस्क्रीनचा नको. पावसाळ्यात आपल्याकडे हात कायम ओलसर असतात, टचला ते आवडत नाही, आणि वयाने बोटांची कातडी कोरडी होते तेव्हाही टच नीट घेत नाही, दोन्ही बाजूंनी त्रासच. बटण असलं की सदऱ्याच्या खिशात हात घालून न बघता पुढचं मागचं करता येतं. दुकानात एक करून बघा, प्लेयर खिशात टाका आणि वरून कापडावरूनच प्ले, पुढे, मागे, आवाज कमी जास्त हे सगळं जमतंय का बघा. आवाजाची बटणं वेगळी हवीत, मेनूत शिरून आवाज वाढवायचा असेल तर तो प्लेयर परत ठेवा. लॉक करायची पट्टी असेल तर उत्तम, नाहीतर खिशात दाबलं जाऊन अभंग मधेच बदलतो.

दुसरं बघायचं म्हणजे बंद करून परत चालू केल्यावर तो जिथे थांबला होता तिथूनच सुरू होतो का. कीर्तन-प्रवचन ऐकणाऱ्याला ही गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोठी आहे, दीड तासाचं कीर्तन, चाळीस मिनिटांवर जेवायला उठले, परत आले तर पहिल्यापासून, असं व्हायला नको. काही प्लेयर गाणं लक्षात ठेवतात पण गाण्यातली जागा नाही, म्हणून नुसतं विचारू नका, करून बघा.

तिसरं फोल्डर. बाबांच्या डोक्यात कॅसेटी आहेत, म्हणजे अमुक कॅसेटची बी बाजू, तिसरं पद. आल्बम, आर्टिस्ट, जॉनर असली रचना त्यांच्या डोक्यात नाहीये आणि आपल्या जुन्या फायलींना तसली माहिती भरलेलीही नसते. फोल्डर उघडून त्यातलं वाजवता यायला पाहिजे आणि एक फोल्डर संपला की थांबणार की पुढच्यात जाणार हेही ठरवता आलं पाहिजे. देवनागरी नावांचं आधीच सांगून ठेवतो, स्वस्त प्लेयरमध्ये मराठी नावाच्या जागी चौकोन चौकोन दिसतात, आणि ज्यांत देवनागरी दिसते त्यांतही जोडाक्षरं मोडतात, वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन बसते. म्हणून नावांच्या सुरुवातीला आकडे टाका, ००१, ००२ असे, आणि एका वहीत बाबांच्या हातानेच यादी लिहून घ्या. मास्तर माणूस आहे, यादी व्यवस्थित करतील, आणि आठवड्याभरात आकडे पाठ होतील.

आता त्या २४ बिट १९२ किलोहर्ट्झकडे येऊ, कारण दुकानदार त्याच्यावरच पैसे लावतोय. सीडीतला आवाज १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ असतो, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजून तो १६ बिटांच्या आकड्यात लिहिलेला असतो. त्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर पकडता येतात, म्हणजे साधारण २२ हजार हर्ट्झ. तरुण निरोगी कान वीस हजारापर्यंत ऐकतो, साठी-सत्तरीनंतर बऱ्याच जणांना दहा-बारा हजाराच्या वरचं ऐकूच येत नाही, हा काही आजार नाही, वयाचा भाग आहे. म्हणजे बाबांच्या कानाच्या दुप्पट जागा साध्या सीडी क्वालिटीतच आहे. बिटांचंही तसंच, १६ बिटांत ९६ डेसिबलचं अंतर मावतं, आणि साध्या कॅसेटमध्ये खरखर आणि सगळ्यात मोठा आवाज यांत पन्नास-पंचावन्न डेसिबलचंच अंतर असतं. चार लिटरच्या कळशीत आधीच दोन लिटर पाणी आहे, त्याला दहा लिटरची कळशी घेऊन पाणी वाढत नाही.

केसरबाई केरकरांचंच घ्या. आपल्या फोंड्याकडच्या केरीच्या, तुमच्या सत्तरीतल्या केरीच्या नव्हेत. त्यांच्या भैरवीचं साडेतीन मिनिटांचं रेकॉर्डिंग १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घालून अवकाशात पाठवलं, आणि त्यांचं ऐकायला मिळतं त्यातलं कितीतरी ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावणाऱ्या. अशा तबकडीत सात-आठ हजार हर्ट्झच्या वर गाणं असं फारसं नसतंच, वर असते ती खरखर. ती १९२ किलोहर्ट्झमध्ये विकत घेतली तर तुम्ही खरखरीचे पैसे देताय. गाणं आहे तेवढंच आहे, आणि ते आहे तेवढं पुरून उरतं. म्हणून हाय-रेझचा शिक्का बघून एक रुपयाही जास्त देऊ नका. प्लेयर फ्लॅक फाइल, म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता लहान केलेली फाइल, वाजवतो ना, बास.

पण याचा अर्थ फाइल कशीही चालते असा नाही, आणि इथे मी जरा थांबून सांगतो कारण लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात. एमपीथ्री आवाजातला काही भाग टाकून देऊन फाइल लहान करतं. ३२० केबीपीएसला, म्हणजे सेकंदाच्या आवाजाला ३२० हजार बिट ठेवले तर, टाकलेलं सहसा कळत नाही, १२८ ला कळतं, आणि आपल्या संगीतात तर जास्तच कळतं, कारण आपल्याकडे टाळ आहेत, झांजा आहेत, घुमट आरतीत कासाळं आहे. धातूवर धातू आपटल्याचा तो एकदम उठणारा आवाज एमपीथ्रीला सगळ्यात जड जातो, कमी बिटरेटला त्याचं फसफस फसफस होतं, पाण्यातून ऐकल्यासारखं. तानपुऱ्याचंही तसंच, जवारीतली, म्हणजे तार घोडीला घासून उठते ती बारीक सळसळ जाते आणि मागे नुसती गुणगुण उरते. पेटीवाल्या माणसाला हे लगेच खटकतं, नाव सांगता आलं नाही तरी तो म्हणतो काहीतरी बसलंय आवाजात. तुमच्याकडच्या एमपीथ्री सीड्या बहुतेक १२८ च्याच असतील कारण एका सीडीत शंभर-दीडशे गाणी कोंबायची तर तेवढंच मावतं. त्यांचं काही करता येत नाही, आहेत तशा कॉपी करा. त्यांचं फ्लॅक करून देतो असं कुणी म्हणाला तर पैसे देऊ नका, गेलेला आवाज परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

आता कॅसेटी. ऐंशीतल्या निम्म्या बाजारात मिळणाऱ्या असतील, नाट्यपदं, अभिषेकीबुवांचे अभंग, त्या आज कुठे ना कुठे चांगल्या प्रतीत मिळतील, त्या उतरवायला बसू नका, विकत घ्या आणि वेळ वाचवा. पण मला खात्री आहे की त्यांत बाबांच्या मंडळाच्या कॅसेटी असतील, एखाद्या सप्ताहात टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेल्या, एखाद्या जुन्या बुवाचा आवाज असेल जो आता नाही, कुणाच्या तरी घरच्या चवथीची आरती असेल, मागे आजीचा आवाज असेल. त्या जगात कुठेही मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा. आणि घाई करा, कारण आपल्या हवेत टेपला बुरशी धरते, रिळाच्या कडेवर पांढरी पूड दिसते, दर पावसाळ्याला थोडी वाढते.

पद्धत सांगतो. बुरशी दिसत असेल ती कॅसेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या मशीनमध्ये, घालू नका, बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या सगळ्या कॅसेटींना जाते, अशी कॅसेट बाजूला काढून माहितगाराकडे द्या. बाकीच्या कॅसेटी आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं एका जागी बसलेली टेप चिकटलेली असते. आतला स्पंजचा तुकडा, ज्यावर टेप टेकते, तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो, दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटच्या खोक्यात रीळ बदलून घालायचं. सी-१२०, म्हणजे दोन तासांची कॅसेट असेल तर फारच जपून, तिची टेप पातळ असते, गुंडाळली जाते. हेड दर चार-पाच कॅसेटींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

मग अ‍ॅझिमथ. हेडजवळ एक छोटा स्क्रू असतो, तो हेडचा कल ठरवतो. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याचा कल आणि तुमच्या मशीनचा कल जुळला नाही तर वरचे सूर सगळे गायब होतात आणि आपल्याला वाटतं टेपच खराब झाली. कॅसेट चालू ठेवून, कानाला हेडफोन लावून, तो स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवायचा, टाळ एकदम खणखणीत ऐकू येतो ती जागा पकडायची. घरी भरलेल्या प्रत्येक कॅसेटला हे करावं लागतं. मेहनतीचं काम आहे पण एका स्क्रूने जेवढा आवाज सुधारतो तेवढा पन्नास हजाराच्या प्लेयरने सुधारणार नाही, हे मी कितीतरी माणसांना समोर बसवून दाखवलंय.

डेकच्या लाइन आउटमधून वायर काढून कंप्युटरच्या लाइन इनला द्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात देऊ नका, ते बहुतेक वेळा मोनो असतं आणि आवाज फाटतो, त्यापेक्षा लाइन इन असलेलं छोटं यूएसबी साउंडकार्ड घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात भरा, सगळ्यात मोठ्या जागीसुद्धा मीटर शून्याच्या सहाएक डेसिबल खाली राहील असं ठेवा, म्हणजे बुवाने एकदम वरचा सूर लावला तरी फाटणार नाही. पूर्ण बाजू एका फायलीत भरा आणि नंतर पदं वेगळी करा. खरखर काढायचं बटण सापडलं की ते जोरात दाबावंसं वाटतं, तो मोह आवरा, कारण खरखर आणि जवारी एकाच ठिकाणी राहतात, एक काढली की दुसरी जाते. थोडी खरखर राहू द्या, दोन मिनिटांत कानाला तिची सवय होते.

जागेचा हिशेब. एक तासाची कॅसेट सीडी क्वालिटीच्या फ्लॅकमध्ये साधारण साडेतीनशे ते चारशे एमबी धरा. ऐंशीच्या ऐंशी उतरवल्या तरी तीस-बत्तीस जीबी. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड भरपूर झालं आणि प्लेयरची आतली जागा किती हा प्रश्नच उरत नाही, कार्डाची खाच असली की झालं. मात्र प्लेयर किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते घेण्याआधी बघा, काही छोटे ३२ लाच थांबतात. ६४ आणि वरची कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात, साधे प्लेयर ते ओळखत नाहीत, ती फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून घेतली की बहुतेक वेळा चालतात.

कार्डाबाबतीत माझं स्वतःचं नुकसान झालेलं आहे. एका दुकानातून स्वस्तात १२८ जीबीचं कार्ड घेतलं, वरून छापील सगळं बरोबर, आत खरी जागा त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. असं कार्ड भरत राहतं, तक्रार करत नाही, आणि मागचं पुसत जातं. त्यात एका देवळातलं तीन रात्रींचं भजन होतं, त्यातली एकच रात्र हाताला लागली. बाकीची परत कधीच मिळाली नाही आणि ते मला अजून लागतं. तेव्हापासून कार्ड नवीन असलं की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवतो, ते पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं, बराच वेळ लागतो, पण खरं काय ते कळतं. आणि मूळ फायली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, कार्ड हे फक्त ऐकण्यासाठी.

आणखी एक बारीक गोष्ट, स्वस्त प्लेयर गाणी नावाच्या क्रमाने न लावता कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात. एक एक फोल्डर क्रमाने कॉपी केला की प्रश्न मिटतो.

इयरफोनवर दीड-दोन हजार बाजूला ठेवा. बाबांना कानात खुपसायचे देऊ नका, डोक्यावरून घालायचे हलके, मऊ गादीचे, वायरवाले बघा, ३२ ओहमच्या आसपासचे, छोटा प्लेयर ते सहज चालवतो. घुमटाचा आवाज हीच परीक्षा, मातीच्या भांड्याचा तो गोल घुमारा ऐकू आला पाहिजे, स्वस्त बास-बास वाले इयरफोन त्याचा नुसता धप्प धप्प करून टाकतात आणि शामेळाची, म्हणजे घुमटाबरोबर काठ्यांनी वाजवतात त्या वाद्याची, टिपरी त्याच्याखाली गाडली जाते. बॅलन्स्ड आउटपुटचं म्हणाल तर ते ओढायला जड हेडफोनसाठी आहे, बाबांना त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि आवाज. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ठीक म्हणते. घरात आवाज सहसा त्याच्या खालीच असतो, पण आषाढात कौलांवर पाऊस कोसळत असतो तेव्हा माणूस नकळत वाढवत वाढवत नेतो. प्लेयरला आवाजाची कमाल मर्यादा लावायची सोय असेल तर लावून द्या.

खरं तर मला वाटतं बाबा अर्धा वेळ बलकांवावर, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावर बसून सगळ्यांबरोबरच ऐकतील, आई पण ऐकतील. मग साध्या वायरने जोडता येणारा छोटा स्पीकर असू द्या. ब्लूटूथ आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका, असलंच तर चांगलं, छोट्या स्पीकरला साधं ब्लूटूथसुद्धा पुरतं. रेडिओ हवा असेल तर एवढं लक्षात ठेवा की अशा प्लेयरमध्ये एफएमची एरियल म्हणजे इयरफोनची वायर असते, ती काढली की स्टेशन जातं.

आता नावं. ज्याला स्वतःच्या कॅसेटींचं काही नाही, नुसती जुनी गाणी बटण फिरवून ऐकायचीत, त्याला मी सारेगामाचा मराठी कारवाँ सांगतो, भरलेली गाणी, रेडिओ, ब्लूटूथ, पेनड्राइव्हपण लागतो. बाबांसाठी तो दुसरा म्हणून छान पण पहिला नको, कारण तो घरचा स्पीकर आहे, खिशातला सोबती नाही, आणि आत भरलेली गाणी बदलता येत नाहीत. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ वाजतो सुंदर, पण अँड्रॉइड आणि टचस्क्रीन, बजेटच्या बाहेर, म्हणजे परत फोनच्याच तक्रारी. सँडिस्कचे क्लिप जातीचे छोटे बटणवाले कुठे नवे मिळाले तर स्वस्तात काम होतं, फक्त स्क्रीन बारीक आहे. मी तुमच्या जागी असतो तर फिओच्या स्नोस्काय नावाने २०२५ मध्ये आलेला इको मिनी आधी हातात घेऊन बघितला असता, जुन्या कॅसेट प्लेयरसारखा दिसतो, खरी बटणं आहेत, अँड्रॉइड नाही, कार्ड लागतं, फ्लॅक वाजतं. तो बाबांच्या बोटांना जमला नाही तर सोडून द्यायचा, नावापायी अडकायचं नाही.

दुकानात जाताना, म्हापशाला जा की पणजीला, स्वतःचं कार्ड घेऊन जा. त्यात चार फायली ठेवा. एक घुमट आरती, कासाळं आणि घुमट दोन्हीसाठी. एक नुसता तानपुरा, आवाज कमी ठेवून ऐका, मागे सूं असा आवाज येत असेल तर प्लेयरचं सर्किट गोंगाटी आहे. एक राग दोन तुकड्यांत कापलेला, विलंबित संपून द्रुत सुरू होतो तिथे मधे खटका किंवा शांतता येते का बघा, चांगला प्लेयर सलग जातो. आणि एक तासाभराचं कीर्तन, मधे बंद करून परत चालू करायला. दहा मिनिटांत सगळं कळतं, आणि दुकानदार लावू देत नसेल तर दुसरं दुकान.

घेतल्यावर हवेची काळजी. जून ते सप्टेंबर प्लेयर वापरात नसेल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचा, इयरफोनची पिनसुद्धा, तिला हिरवट थर चढला की एका कानातला आवाज जातो आणि माणूस प्लेयर बिघडला म्हणून माझ्याकडे येतो, अल्कोहोलने पुसली की बरा. महिना-दोन महिने ठेवून द्यायचा तर बॅटरी निम्मी भरून ठेवा. गाडीत काचेखाली कधीच ठेवू नका, बॅटरी फुगते. आणि एक, काही स्वस्त प्लेयरना यूएसबी-सी चं भोक असतं पण दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरने ते चार्जच होत नाहीत, आतला एक छोटासा भाग कंपनीने वाचवलेला असतो. जुन्या चपट्या टोकाच्या चार्जरने लावून बघितल्याशिवाय बिघडला म्हणू नका.

तर पैशांची वाटणी मी अशी करेन, निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त प्लेयरला, दीड-दोन हजार हेडफोनला, एक ओळखीच्या दुकानातलं पक्क्या बिलाचं कार्ड, आणि उरलेले यूएसबी साउंडकार्ड आणि डेकच्या दुरुस्तीला. डेक बरीच वर्षं बंद असेल तर त्याचा रबरी पट्टा सैल पडलेला असणार, तशात कॅसेट लावली तर आवाज लहरतो आणि टेप गिळली जाते. म्हणून मंडळाची कॅसेट त्यात घालायच्या आधी पट्टा बदलून घ्या, जवळपास कुणी करणारा नसेल तर फोंड्याला घेऊन या, सकाळी दिलात तर संध्याकाळच्या बसने परत नेता येईल. येताना बाबांनाही आणा, अ‍ॅझिमथचा स्क्रू कुठे थांबवायचा ते पेटी वाजवणाऱ्या कानाला माझ्यापेक्षा लवकर कळतं.